चाकाचा ऑफसेट आणि खुब्याचा ऑफसेट

आम्हा अस्थिशल्यचिकित्सकांच्या बोलण्यात ‘ऑफसेट’ हा शब्द इतक्या वेळा येतो, की तो आमच्याच शास्त्राची मालमत्ता असावी असा भ्रम होतो. खुब्याचा सांधा बदलण्यापूर्वी क्ष-किरणचित्रावर आम्ही जी मापे घेतो, त्यांत पायाच्या लांबीच्या खालोखाल महत्त्व या मापाला असते. मोटारींची अलॉय चाके विकणाऱ्या दुकानदाराच्या तोंडीही हाच शब्द तितक्याच सहजतेने असतो. दोन्ही ठिकाणी तो मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा संबंध एकाच प्रश्नाशी आहे : भार ज्या रेषेतून खाली उतरतो, ती रेषा आधारापासून किती अंतरावर आहे?

या साम्याकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या भाच्याने. तो अमेरिकेत मिशिगन राज्यात अभियंता आहे. त्याने २०१७ सालच्या बनावटीची, पूर्वी एका हाती वापरलेली ‘टोयोटा ८६’ ही स्पोर्ट्स कार घेतली. गाडीबरोबर आलेली चाके त्याला डोळ्यांत भरेनात. बाजारातून नवी, मोठी, रुंद चाके घ्यावीत असा त्याचा विचार होता आणि दोन संच त्याने नक्कीही करून ठेवले होते. फोनवर तो म्हणाला, “मामा, गाडीतलं तुम्हाला किती कळतं ते मला ठाऊक नाही, पण ऑफसेट तुम्ही रोज मोजता. यातला कोणता घेऊ ते सांगा.” आठवड्याच्या शेवटी मोकळ्या मैदानावरील वेळेच्या शर्यतींत भाग घेणारा हा मुलगा सोमवारी त्याच गाडीतून पत्नीला कामावर सोडतो. त्यामुळे प्रश्न हौसेचा असला तरी उत्तर जबाबदारीने देणे भाग होते. त्या निमित्ताने जे वाचले, मोजले आणि पडताळले, ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुले-नातवंडे याच वयाची आणि याच हौसेची आहेत.

मापांची भाषा

चाकाच्या आतील बाजूस काही अक्षरे कोरलेली असतात. भाच्याच्या मूळ चाकाचा तपशील असा : १७ × ७, ऑफसेट +४८, पाच नट, १०० मिलिमीटर, मध्यछिद्र ५६.१ मिलिमीटर. यांतील १७ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास आणि ७ म्हणजे टायर जिथे बसतो त्या दोन कडांमधील रुंदी, तीही इंचांत. पाच नटांची केंद्रे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत. यालाच दुकानदार ‘पीसीडी’ म्हणतात. बऱ्याच जपानी स्पोर्ट्स गाड्यांत हे वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचे असते. ही गाडी टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून घडवली आणि तिचा हब सुबारूच्या परंपरेतला आहे, म्हणून तिच्यात ते १०० चे राहिले. एका वर्तुळाचे चाक दुसऱ्या वर्तुळाच्या हबवर बसत नाही, त्यामुळे निवडीची पहिली चाळणी येथेच लागते.

आता ऑफसेट. चाक रुंदीच्या मधोमध उभे कापले अशी कल्पना करावी. तो झाला चाकाचा मध्य. चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो, तो या मध्यापासून किती अंतरावर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. टेकण्याची जागा मध्यापेक्षा बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूस असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूस असेल तर ऋण. चाकावर हे माप ‘ईटी ४८’ असेही लिहितात. ही अक्षरे ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दातली आहेत. अमेरिकेत काही दुकानांत त्याऐवजी ‘बॅकस्पेसिंग’ सांगतात, म्हणजे चाकाच्या आतल्या कडेपासून टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर, इंचांत.

येथे वैद्यकीय वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खुब्यात ऑफसेटचा आकडा वाढला की मांडीचे हाड सांध्याच्या केंद्रापासून दूर जाते. चाकात उलट घडते : आकडा वाढला की चाक गाडीच्या आत सरकते आणि आकडा घटला की बाहेर येते. शब्द एक, पण आकड्याची दिशा विरुद्ध.

कागदावरचे गणित

भाच्याचा पहिला, मनापासून आवडलेला पर्याय होता १८ × ९.५, ऑफसेट +२२. दुसरा, मित्राने सुचवलेला, १७ × ८, ऑफसेट +४५. दोन्ही पर्याय मूळ चाकाशी ताडून पाहण्यास शाळकरी अंकगणित पुरते.

मूळ चाकाची रुंदी सात इंच, म्हणजे १७७.८ मिलिमीटर, आणि निम्मी रुंदी ८८.९. त्यातून ४८ वजा केले की ४०.९ उरतात. हबच्या पृष्ठभागापासून चाकाची बाहेरची कड इतकी पुढे येते. त्यात ४८ मिळवले की १३६.९. आतली कड इतकी आत जाते. प्रत्यक्षात रिमची कड या मापापलीकडे थोडी जाते, पण सर्वच चाकांत ती सारख्याच मापाने वाढते, म्हणून तुलनेत फरक पडत नाही.

साडेनऊ इंची चाकाची निम्मी रुंदी १२०.६५. त्यातून २२ वजा केले की ९८.६५. म्हणजे बाहेरची कड मूळ जागेपेक्षा सुमारे ५८ मिलिमीटर पुढे येते, तर आतली कड जवळपास ६ मिलिमीटर आत जाते. आठ इंची चाकाची निम्मी रुंदी १०१.६. त्यातून ४५ वजा केले की ५६.६. बाहेरची कड सुमारे १६ मिलिमीटर पुढे, आतली सुमारे १० मिलिमीटर आत.

हे आकडे मडगार्डला टायर घासेल की नाही याचा अंदाज देतात आणि बहुतेक तरुण येथेच थांबतात. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तिसरा आकडा, म्हणजे चाकाचा मध्य किती सरकला तो. पहिल्या पर्यायात ४८ चे २२ झाले, म्हणजे प्रत्येक बाजूस २६ मिलिमीटर आणि दोन्ही चाकांमधील अंतरात ५२ मिलिमीटरची वाढ. दुसऱ्या पर्यायात हा फरक प्रत्येक बाजूस केवळ ३ मिलिमीटर. चाक रुंद झाले, पण भाराची रेषा जवळपास जागेवरच राहिली.

भाराची रेषा

एका पायावर उभे राहिलो असता खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, हे आपण सर्व जाणतो. शरीराचे वजन एका लांब तरफेने सांध्याला एका बाजूस झुकवते आणि नितंबाचे स्नायू आखूड तरफेने त्याला सावरतात. कृत्रिम सांधा बसवताना मूळ ऑफसेट कमी झाला तर स्नायूंची तरफ आणखी आखूड होते आणि सांधा देखणा बसूनही रुग्ण लंगडतो. तो अतिरेकाने वाढला तर खोडावर वाकवणारा ताण वाढतो आणि खुब्याच्या बाहेरील बाजूस वेदना सुरू होतात. सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये आपली कमी घर्षणाची सांधेरोपण पद्धत रुजवली, तेव्हापासून तरफेच्या या हिशेबाभोवतीच आमची शस्त्रक्रिया फिरत आली आहे.

चाकाच्या बाबतीत सांध्याची जागा हबच्या बेअरिंगने घेतलेली असते. निर्मात्याने चाकाचा मध्य आणि बेअरिंगचा मध्य यांचे नाते ठरवून दिलेले असते. चाक २६ मिलिमीटर बाहेर गेले की गाडीचे वजन तितक्या अधिक लांबीच्या तरफेवर पेलावे लागते. ही गाडी सुमारे १२५० किलोची. चालकासह प्रत्येक चाकावर तीनशे किलोंहून अधिक भार येतो, आणि खड्ड्यात आपटताना तो क्षणभर कितीतरी वाढतो. गाडी त्याच दिवशी मोडत नाही. बेअरिंगचे आयुष्य मात्र घटते, आणि स्प्रिंगला चाक अधिक लांबून ढकलत असल्याने सस्पेन्शन मूळ आखणीपेक्षा किंचित मऊ वागू लागते.

दुसरा परिणाम चालकाच्या हातांना जाणवतो. पुढचे चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला तर एका बिंदूत तिला भेटतो. हा बिंदू आणि टायरच्या जमिनीस टेकलेल्या भागाचा मध्य यांच्यातील आडवे अंतर म्हणजे ‘स्क्रब रेडियस’. ऑफसेट जितक्या मिलिमीटरने बदलतो, तितक्याच मिलिमीटरने हे अंतर बदलते. ते बाहेरच्या दिशेने वाढले की रस्त्यावरील प्रत्येक उंचवटा स्टिअरिंगला हिसका देतो. ब्रेक दाबताना एका बाजूचे चाक ओल्या आणि दुसऱ्या बाजूचे कोरड्या जागी असेल तर गाडी एका अंगास अधिक ओढते. मोकळ्या मैदानावर यामुळे एखादा सेकंद वाया जाईल. पावसात, मालमोटारींच्या रांगेत त्याची किंमत निराळी असते. भाच्याला मी म्हटले, “चाक बाहेर काढल्याने गाडी रुंद दिसेल हे खरं. पण तू ती बसून चालवणार आहेस, समोर उभा राहून नव्हे.”

टायरचा विचार आधी

माझ्या मते निवडीचा क्रम टायरपासून सुरू व्हावा, कारण जमिनीला स्पर्श करणारा तो एकच घटक आहे. मूळ टायर २१५/४५ आर १७. येथे २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, सुमारे ९७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि रिमचा व्यास मिळून चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२५ मिलिमीटर होतो. नवा संच या व्यासापासून फार दूर जाऊ नये, कारण वेगमापकाचे आणि गिअरचे सारे हिशेब त्यावर बेतलेले असतात.

दुसऱ्या पर्यायासाठी सुचवलेल्या २२५/४५ आर १७ टायरचा व्यास ६३४ येतो, म्हणजे दीड टक्क्याहून कमी वाढ. पहिल्यासाठी भाच्याने २२५/४० आर १८ योजला होता. त्याचा व्यास ६३७, वाढ सुमारे दोन टक्के. व्यासापुरते दोन्ही चालण्यासारखे. परंतु प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची मर्यादा असते. २२५/४० आर १८ साठी ती साडेसात ते नऊ इंच आहे. साडेनऊ इंची रिमवर हा टायर ताणून बसवावा लागतो. ताणलेल्या टायरची भिंत तिरकी होते, रिमची कड उघडी पडते आणि हवा कमी झाल्यास टायर रिमवरून सुटण्याची भीती वाढते. हा ताणलेला बाज तरुणांत लोकप्रिय आहे, पण टायर बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेबाहेर तो जातो, एवढे कारण मला नकारास पुरेसे वाटले. २२५/४५ आर १७ ची मर्यादा सात ते साडेआठ इंच, म्हणजे आठ इंची रिम तिच्यात सुखाने बसते.

टायरवर भाराचा निर्देशांकही असतो. मूळ टायरवरील ८७ या आकड्याचा अर्थ प्रत्येक टायर ५४५ किलो पेलू शकतो. ९१ असेल तर ६१५ किलो. नवा टायर मूळ निर्देशांकाहून खालचा कदापि नसावा.

रिमचा व्यास वाढवला आणि एकूण व्यास राखला की भिंत आखूड होते. १९ इंची रिमवरील २२५/३५ टायरची भिंत ७९ मिलिमीटर भरते, मूळ भिंतीहून १८ मिलिमीटर कमी. मिशिगनमध्ये हिवाळ्यात पाणी गोठते, वितळते आणि वसंतात रस्ते खड्ड्यांनी भरून जातात. आपल्याकडे तेच काम पाऊस करतो. रिम आणि खड्ड्याची धार यांच्यामध्ये असते ती हीच भिंत. शिवाय मोठे चाक सहसा जडही असते. टायरच्या धावेवर वाढलेला एक किलो गाडीला वेग घेताना जवळपास दोन किलोंसारखा भासतो, कारण तो पुढेही न्यावा लागतो आणि फिरवावाही लागतो.

मूळ निर्मात्यांनी काय केले, हेही येथे बोलके आहे. मुख्य अभियंता तेत्सुया ताडा यांच्या नेतृत्वाखाली ही गाडी २०१२ मध्ये बाजारात आली तेव्हा तिला मुद्दामच मध्यम पकडीचे टायर दिले होते, जेणेकरून बेताच्या वेगातही गाडीचा तोल चालकाला जाणवावा. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या पिढीत इंजिन मोठे झाले, ताकद वाढली, तरी चाकाची रुंदी अर्ध्याच इंचाने वाढून साडेसात झाली आणि ऑफसेट ४८ च राहिला. रुंद चाके बसवणे त्यांना अशक्य नव्हते. गाडीला किती पुरते, हे त्यांना ठाऊक होते.

चाक कशावर बसते

काही वर्षांपूर्वी महू रस्त्यावर एका तरुणाच्या गाडीचे पुढचे चाक निखळले आणि मांडीचे हाड मोडून तो माझ्या टेबलावर आला. चाके आठवड्यापूर्वीच बसवलेली होती. वडिलांनी गाडीचे फोटो दाखवले. नव्या चाकाच्या मध्यछिद्रात हबभोवती बोटभर मोकळी जागा राहिली होती, नट जुन्याच चाकाचे होते आणि बसवल्यानंतर ते पुन्हा कोणी आवळलेले नव्हते. मुलगा बरा झाला, चालू लागला. फोटोतली ती मोकळी जागा मात्र माझ्या डोळ्यांसमोरून गेली नाही. भाच्याला मी हा प्रसंग सविस्तर सांगितला.

बाजारातील चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे मध्यछिद्र मोठे ठेवतात, बहुधा ७३.१ मिलिमीटर. भाच्याचा हब ५६.१ चा. मधली जागा भरण्यासाठी नेमक्या मापाचे कडे बसवावे लागते, म्हणजे चाक हबच्या मधोमध बसते. तसे न केल्यास चाक थरथरते आणि ते मध्यावर आणण्याचे काम केवळ नटांवर पडते. नटांची बैठक शंकूच्या आकाराची, गोल किंवा सपाट असते. चाकाला जी हवी तीच वापरावी, कारण आकार जुळला नाही तर नट आवळल्यासारखा वाटतो पण धरत नाही. या गाडीचे नट १२० न्यूटन-मीटर इतके आवळायचे असतात. ते मोजणाऱ्या पान्यानेच, ताऱ्याच्या क्रमाने, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासून. अस्थिपट्टीचे स्क्रू आपण ज्या शिस्तीने आवळतो, तीच शिस्त येथे हवी.

चाक कोणी घडवले हेही पाहावे. जपानी चाकांवर ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण असते. वाकवणाऱ्या फिरत्या भाराची, टायरवरून येणाऱ्या भाराची आणि आघाताची चाचणी चाकाने पार केली, असा तिचा अर्थ. ‘व्हीआयए’ ही खूण असल्यास त्याची नोंद स्वतंत्र संस्थेकडे झालेली असते. प्रसिद्ध चाकांच्या हुबेहूब नकला स्वस्तात मिळतात, परंतु धातूच्या आतल्या पोकळ्या रंगाखाली दिसत नाहीत. नकली रोपणाविषयी आपण रुग्णांना जे सांगतो, ते येथेही लागू आहे.

आपल्याकडील स्थिती

भारतात हा विषय कायद्याच्याही कक्षेत येतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे येथे शहाणपणाचा मार्ग असा : आपल्या गाडीच्या वरच्या श्रेणीत कंपनीने स्वतः जी चाके आणि जे टायर दिले असतील, त्यांच्याच मर्यादेत राहावे. मडगार्डबाहेर आलेले चाक चिखल आणि खडे मागच्या दुचाकीस्वारावर उडवते, हे इंदूरच्या रस्त्यांवर वेगळे सांगायला नको.

वेगाची हौस असणाऱ्या मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या शेजारी पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ हे वाहनचाचणी केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान मार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. गाडीतले बदल मोजून, तपासून, वारंवार चालवून ठरवायचे असतात, याचे इतके मोठे स्मारक आपल्या दाराशी उभे आहे. जे काम अभियंते एवढ्या सायासाने करतात, ते दुकानातल्या आरशासमोर अर्ध्या तासात उरकत नाही.

निवडीचा क्रम

भाच्याला मी जो क्रम लिहून पाठवला, तो थोडक्यात असा. प्रथम गाडी कशासाठी वापरायची ते ठरवावे. मग टायर ठरवावा : व्यास मूळच्या दोन टक्क्यांच्या आत आणि भाराचा निर्देशांक मूळचा किंवा वरचा. टायरला शोभेल त्या मर्यादेत रिमची रुंदी घ्यावी. ऑफसेट असा निवडावा की चाकाचा मध्य मूळ जागेपासून कमीत कमी सरकेल. त्यानंतर आतल्या बाजूस सस्पेन्शनच्या खांबापासून आणि बाहेर मडगार्डपासून किती जागा उरते ते पट्टीने मोजावे, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबले जाईल असे गृहीत धरून. ब्रेकचा कॅलिपर आणि चाकाचे आरे यांतील जागा ऑफसेटच्या आकड्यातून कळत नाही, म्हणून टायर चढवण्यापूर्वी एक रिकामे चाक बसवून, हाताने फिरवून पाहावे. रंग आणि आऱ्यांची नक्षी सर्वांत शेवटी.

भाच्याने सारे मोजले. आठ इंची, +४५ चा संच घेतला, ५६.१ ची कडी आणि योग्य बैठकीचे नवे नट घेतले. पहिल्या संचाच्या तुलनेत वाचलेल्या पैशांत त्याने चांगल्या प्रतीचे उन्हाळी टायर घेतले, आणि जुन्या चाकांवर हिवाळी टायर चढवून ती थंडीसाठी राखून ठेवली. मैदानावरच्या त्याच्या वेळेत किती सुधारणा झाली हे त्याने मला सांगितले आहे, पण त्याची पत्नी जे म्हणाली ते मला अधिक मोलाचे वाटले : “गाडी पूर्वीसारखीच सरळ जाते, फक्त वळणावर जास्त धरून राहते.”

सांधा बदलल्यावर रुग्णाने ‘पाय माझाच वाटतो’ म्हणावे, यासाठी आपण धडपडतो. नव्या चाकांकडून अपेक्षा करायची ती एवढीच. आपल्या घरातला कोणी तरुण चमकदार चाकांचे छायाचित्र घेऊन आपल्याकडे आला, तर त्याची हौस मोडू नये. त्याच्या हाती पट्टी आणि कागद द्यावा, आणि आधी मूळ चाक मोजायला सांगावे.